छंदाच्या सीएनसीवर जीआरबीएल ०.९ वरून १.१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणापर्यंत ज्यांच्या घरी ३०१८ किंवा तसेच छोटे सीएनसी मशीन (संगणकाच्या आज्ञेवर कोरणारे यंत्र) आहे, त्यांच्याकडून अपडेटनंतर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनला पाठवताना मात्र अक्षरे आणि अंक इंग्रजीच टाइप करा, नाहीतर मशीन फक्त एरर देईल.

१. जीआरबीएल म्हणजे काय, आणि माझ्या मशीनवर कोणते आहे हे कसे ओळखू?

मशीनच्या बोर्डावरच्या चिपमध्ये बसलेला हा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर. लॅपटॉपवरचे सेंडर सॉफ्टवेअर जी-कोडच्या, म्हणजे मशीनच्या हालचालीच्या आज्ञांच्या, ओळी पाठवते आणि जीआरबीएल त्या वाचून मोटरला पल्स देते. तो अर्डुइनो ऊनो आणि नॅनोवरच्या अ‍ॅटमेगा ३२८पी या चिपसाठी लिहिलेला आहे. बहुतेक ३०१८ बोर्डांवर हीच चिप असते.

मशीन जोडल्यावर सेंडरच्या कन्सोलमध्ये पहिलीच ओळ आवृत्ती सांगते. ती निसटली तर $ आणि लगेच इंग्रजी आय पाठवा. १.१ एच असेल तर उत्तरात २०१९०८२५ ही तारीख दिसते, १.१ एफ असेल तर २०१७०८०१. कन्सोलमध्ये नुसती अगम्य चिन्हे दिसत असतील तर बॉड रेट (मशीनशी बोलण्याचा वेग) चुकला आहे. ०.९ आणि १.१ ला ११५२०० लागतो, ०.८ ला ९६००.

२. मशीन नीट चालते आहे. तरी अपडेट करायलाच हवे का?

नाही. फक्त राउटर (लाकूड कोरणारे यंत्र) म्हणून वापरता आणि जुना सेंडर कुरकुर करत नाही, तर ०.९ वर राहिलात म्हणून काही बिघडत नाही. लेझर लावायचे असेल, काम चालू असताना फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी-जास्त करायचा असेल किंवा नवा सेंडर जुन्या आवृत्तीला ओळखत नसेल, तर १.१ घ्या. आणि चवथीच्या मखराचे काम अर्धे झालेले असताना अपडेटला हात लावू नका. सेटिंग पुन्हा बसवून, चाचणीचे तुकडे कापून मशीन भरवशाचे व्हायला एक मोकळा दिवस हाताशी हवा.

३. अपडेटच्या आधी काय काय लिहून ठेवू?

चार गोष्टी. $$ पाठवून आलेली सगळी यादी, $# पाठवून आलेले ऑफसेट (जपून ठेवलेल्या जागा), $ आणि इंग्रजी एन पाठवून आलेल्या सुरुवातीच्या ओळी, आणि प्रश्न १ मधली आवृत्तीची ओळ. हे सगळे कॉपी करून टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका, कारण नंतर एकेक आकडा पाहून टाइप करताना दशांशचिन्ह हमखास सुटते.

०.९ मध्ये $$ च्या यादीत प्रत्येक आकड्यापुढे त्याचा अर्थ कंसात येतो. १.१ मध्ये तो येत नाही, चिपमध्ये जागा वाचवण्यासाठी काढून टाकला आहे. त्यामुळे जुनी यादी अपडेटनंतरही अर्थ पाहायला उपयोगी पडते.

४. अपडेट प्रत्यक्षात कसे करायचे?

आधी टूल काढा आणि मशीनचा २४ व्होल्टचा पुरवठा बंद करा. लेझर असेल तर त्याची वायर बोर्डावरून काढून ठेवा, कारण अपलोड चालू असताना त्या पिनवर काय सिग्नल असेल याची खात्री नसते. ऑफलाइन कंट्रोलर, म्हणजे तो छोट्या पडद्याचा रिमोट, तोही काढा. तो आणि यूएसबी एकाच सिरियल लाइनवर असतात आणि एकमेकांच्या आड येतात. मग :

१. सेंडर पूर्ण बंद करा. तो पोर्ट अडवून बसतो.
२. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून सीएच३४० (बोर्डावरची यूएसबीची चिप) समोरचा कॉम नंबर पाहा. तो दिसतच नसेल तर आधी ड्रायव्हर टाका.
३. अर्डुइनो आयडीई वापरत असाल तर जीआरबीएलची जुनी लायब्ररी काढून टाका. डाउनलोड केलेल्या झिपमधले सगळे फोल्डर नकोत, आतले 'जीआरबीएल' नावाचे फोल्डर तेवढे लायब्ररी म्हणून जोडा.
४. उदाहरणांच्या यादीतून जीआरबीएल-अपलोड उघडा, बोर्ड आणि पोर्ट निवडा, अपलोड करा. त्या फाइलमधले काहीही बदलायचे नाही.

तयार हेक्स फाइल (चिपमध्ये थेट टाकायचे फर्मवेअर) असेल तर एक्सलोडरसारख्या साधनाने काम आणखी लवकर होते. बोर्डाच्या विक्रेत्याने स्वतःची हेक्स दिली असेल तर ती पहिली पसंती, कारण तिच्यात त्या मशीनचे आकडे बहुधा आधीच भरलेले असतात.

५. अपलोड होतच नाही, 'नॉट इन सिंक' असे येत राहते. बोर्ड मेला का?

बहुधा नाही. नॅनोसारख्या बोर्डांवर दोन प्रकारचे बूटलोडर (यूएसबीवरून नवे फर्मवेअर घेणारा छोटा प्रोग्राम) येतात, एक ५७६०० ला बोलणारा आणि एक ११५२०० ला. आयडीईमध्ये प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' हा पर्याय निवडून पुन्हा करून पाहा. दोन्ही पर्यायांनी जमले नाही तर केबल बदला. मोबाइलच्या चार्जिंगच्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच.

तरीही नाही? मग त्या चिपमध्ये बूटलोडर टाकलेलाच नसेल. अशा वेळी बोर्डावरच्या सहा पिनांच्या जागेत यूएसबी-एएसपी प्रोग्रामर लावून फर्मवेअर टाकावे लागते. आणखी एक अडचण म्हणजे 'स्केच फार मोठे आहे' हा संदेश. जुन्या बूटलोडरच्या नॅनोवर ३०७२० बाइटच जागा मिळते, ऊनोवर ३२२५६. कॉन्फिग फाइलमध्ये जास्तीचे पर्याय चालू केले असतील तर ते बंद करा.

६. अपडेटनंतर १० मिमी सांगितले की जेमतेम ३ मिमी सरकते. मोटर गेली का?

मोटर ठीक आहे. जीआरबीएल आपल्या सेटिंगसोबत एक आवृत्ती क्रमांकही चिपच्या स्मृतीत लिहून ठेवतो. नव्या फर्मवेअरला तो क्रमांक वेगळा दिसला की तो जुनी सेटिंग वाचायच्या फंदात पडत नाही, सगळे पुसून स्वतःचे मूळ आकडे भरतो. पहिल्यांदा चालू करताना एरर ७ दिसते ती त्याचीच.

मूळ आकड्यांत तिन्ही अक्षांना मिलिमीटरमागे २५० स्टेप असतात. ३०१८ च्या स्क्रूचा एका फेऱ्यातला सरक ४ मिमी असतो. मोटरच्या २०० स्टेप गुणिले १६ मायक्रोस्टेप म्हणजे ३२००, भागिले ४ म्हणजे ८००. २५० भागिले ८०० म्हणजे ०.३१, म्हणून १० मिमीचे ३.१ मिमी. पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनवर नेमके उलटे होते. तिथे २० दात्यांच्या पुलीला ८० स्टेप लागतात, त्यामुळे १० मिमी सांगितले की मशीन ३१ मिमी धावते आणि फ्रेमला आपटते. म्हणून पहिली हालचाल १ मिमीचीच करा.

३०१८ साठी भरायचे ते असे : $१००, $१०१, $१०२ (स्टेप) ला ८००. कमाल वेगाच्या $११० आणि $१११ ला १०००, $११२ ला ६००. $१२० ते $१२२ (वेग वाढण्याचा दर) ला ३० पासून सुरुवात. अक्षांच्या लांबीच्या $१३० ला ३००, $१३१ ला १८०, $१३२ ला ४५. तुमच्या जुन्या यादीत वेगळे आकडे असतील तर तेच खरे माना. अक्ष उलट्या दिशेने पळत असेल तर $३ पाहा. एक्सला १, वायला २, झेडला ४, आणि जे अक्ष उलटवायचे त्यांची बेरीज. हालचाल थांबताच मोटर सैल पडत असेल तर $१ ला २५५ द्या. मूळ २५ मध्ये थांबल्यावर काही क्षणांतच मोटरचा ताण सुटतो आणि जड स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) झेडला हळूच खाली ओढतो.

१०० मिमी सांगून ९९.४ आले तर नवा आकडा ८०० × १०० ÷ ९९.४ = ८०४.८. पण आकड्याला हात लावण्याआधी कपलरचे स्क्रू आणि नटाची ढिलाई तपासा. अंतर मोजताना टूल नेहमी एकाच बाजूने आणा, कारण ढिलाई भरून काढायची सोय जीआरबीएलमध्ये नाही.

७. जुनी सेटिंगची यादी जशीच्या तशी पेस्ट केली तर चालेल का?

०.९ ची असेल तर जवळजवळ चालेल, फक्त $१० ची ओळ गाळा. ०.९ मध्ये तिथला ३ म्हणजे मशीनची जागा आणि कामाची जागा दोन्ही सांग. १.१ मध्ये तोच ३ म्हणजे मशीनची जागा आणि बफरची स्थिती. १ राहू द्या.

०.८ ची असेल तर मुळीच पेस्ट करू नका. त्यात $० म्हणजे एक्सच्या स्टेप, आणि १.१ मध्ये $० म्हणजे पल्सचा कालावधी. तिथे ८०० गेले की काय होईल याचा नेम नाही.

ओळी एकेक करून पाठवा, प्रत्येकीला 'ओके' आल्यावरच पुढची. स्मृतीत लिहिताना चिप क्षणभर इतर काही ऐकत नाही. सगळे एकदम ओतले तर मधली अक्षरे गळतात. शेवटी $$ पाठवून जुन्या यादीशी ताडून पाहा.

८. सेंडर जोडला जातो, मशीन हलते, पण पडद्यावरचे एक्स-वाय-झेड शून्यावरून हलत नाहीत.

सेंडर जुना आहे. ०.९ स्थितीची माहिती स्वल्पविराम घालून पाठवत असे आणि मशीनची व कामाची अशा दोन्ही जागा दर वेळी देत असे. १.१ उभ्या रेघा घालून पाठवतो, एकच जागा देतो आणि दोन्हींतला फरक अधूनमधून. बाकीची वजाबाकी सेंडरने करायची असते. युनिव्हर्सल जी-कोड सेंडर, कँडल, बीसीएनसी, लेझरजीआरबीएल यांपैकी कुठल्याचीही १.१ ला ओळखणारी आवृत्ती घ्या. $१० चे आकडे बदलत बसून हे सुटत नाही. ऑफलाइन कंट्रोलरचेही तेच. तो जुना असेल तर त्याचे फर्मवेअर वेगळे बदलावे लागते.

९. आधी चूक शब्दांत यायची, आता नुसते आकडे येतात. त्यांचा अर्थ काय?

हेही जागा वाचवण्यासाठीच. सगळी यादी पाठ करायची गरज नाही. रोज भेटणारे आकडे असे : एरर ८ म्हणजे काम चालू असताना $ ची आज्ञा दिली. ९ म्हणजे मशीन अलार्ममध्ये (धोक्यामुळे अडवलेले) आहे किंवा जॉग (बटणाने हाताने सरकवणे) चालू आहे, म्हणून जी-कोड घेत नाही. १० म्हणजे होमिंग (स्विचपर्यंत जाऊन मशीनचे शून्य शोधणे) बंद ठेवून सॉफ्ट लिमिट (सेटिंगमधल्या लांबीची हद्द) मागितली. १५ म्हणजे जॉग हद्दीबाहेर जातो आहे. २० म्हणजे ही आज्ञा मला येत नाही. २२ म्हणजे फीड दिलेला नाही.

२० बहुतेक वेळा टूल बदलण्याच्या एम ६ मुळे किंवा जी ८१ सारख्या ड्रिलिंग सायकलमुळे येते. कॅममध्ये (डिझाइनवरून जी-कोड तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जीआरबीएलचा पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे त्या मशीनच्या पद्धतीने जी-कोड लिहिणारा भाग, निवडा, म्हणजे या ओळी फाइलमध्ये येणारच नाहीत.

१०. स्पिंडल फिरतच नाही, नुसती गुणगुणते. आधी याच फाइलवर फिरत होती.

फाइलमधला एस (स्पिंडलचा मागितलेला वेग) आणि $३० यांचा मेळ बसलेला नाही. ०.९ मध्ये स्पिंडलचा कमाल वेग कोड कंपाइल करतानाच ठरायचा. १.१ मध्ये तो $३० मध्ये आला. $३० जर १०००० असेल आणि जुन्या फाइलमध्ये एस १००० असेल, तर मोटरला दहा टक्केच ताकद मिळते. ७७५ मोटर तेवढ्यावर उठत नाही. उलट $३० मध्ये १००० आणि फाइलमध्ये एस ८००० असेल तर मोटर कायम पूर्ण वेगाने पळते. तक्रार कुणी करत नाही, पण अ‍ॅक्रिलिक वितळून टूलला चिकटते.

एक पद्धत ठरवा : $३० ला १००००, आणि कॅममध्ये खरा फेऱ्यांचा आकडा. जुन्या फाइल पुन्हा काढा. मोटर पूर्ण वेगात येईपर्यंत जीआरबीएल आपणहून थांबत नाही, म्हणून स्पिंडल सुरू करणाऱ्या एम ३ नंतर जी ४ पी ३ ही थांबण्याची ओळ ठेवा. इथे पी म्हणजे सेकंद.

११. लेझर मोड कधी चालू, कधी बंद?

लेझर लावले की $३२ ला १, स्पिंडल लावली की ०. मध्यममार्ग नाही. चालू असताना जी ० च्या (न कापता जलद सरकण्याच्या) प्रत्येक हालचालीत लेझर आपोआप बंद होतो आणि ताकद बदलताना मशीन अडखळत नाही. एम ४ वापरलात तर वेग कमी झाला की ताकदही कमी होते. करवंटीवर किंवा प्लायवर नाव कोरताना अक्षरांचे कोपरे काळे पडायचे थांबतात ते त्यामुळेच. एम ३ मध्ये ताकद एकसारखी राहते.

स्पिंडल लावून $३२ एकवरच राहिला तर प्रत्येक जी ० ला स्पिंडलची ताकद तुटते आणि टूल लाकडात उतरू लागल्यावर परत येते. मोटर तोवर मंदावलेली असते. फणसाच्या लाकडात १ मिमीचे टूल अशा वेळी पहिल्याच उतरणीत मोडते. टूल मोडल्याच्या तक्रारीत सगळ्यात आधी हेच तपासा.

१२. जॉगचे बटण सोडले तरी मशीन पुढे जायचे. ते सुधारले का?

हो, पण सेंडरने जॉगची नवी आज्ञा वापरली तरच. ती $, इंग्रजी जे आणि बरोबरचे चिन्ह अशी सुरू होते, आणि बटण सोडताच रद्द करता येते. जुने सेंडर जी ९१ देऊन साधी हालचाल पाठवायचे. तिचा आणखी एक त्रास : जी ९१ तसाच मागे राहिला तर पुढची फाइल प्रत्येक आकडा आहे त्या जागेपासून मोजते. नव्या जॉगमध्ये ही भानगड नाही.

१३. होमिंगला अलार्म येतो. स्विच तर ठीक आहेत.

अलार्म ९ असेल तर आधी प्रश्न ६ पाहा. होमिंगमध्ये मशीन $१३० मधल्या लांबीच्या दीडपटच शोधते. मूळ २०० वर ते ३०० मिमी होतात, आणि स्टेपही २५० वर राहिल्या असतील तर प्रत्यक्षात ९४ मिमी. स्विचपर्यंत पोचायच्या आतच ते हार मानते. अलार्म ८ म्हणजे स्विच सापडला पण मागे हटल्यावर सुटला नाही. मागे हटण्याचे अंतर, म्हणजे $२७, एकावरून तीनवर न्या.

अलार्म १ कापताना मध्येच आला तर तो बहुधा स्पिंडलचा विद्युत गोंधळ असतो. स्विचची वायर मोटरच्या वायरीपासून वेगळी न्या आणि बोर्डाजवळ सिग्नल व ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. होमिंगनंतर सगळे आकडे उणे दिसतात ते बरोबरच आहे, ते बदलायला जाऊ नका. स्विचच नसतील तर $२०, $२१, $२२ तिन्ही शून्य.

१४. ऊनोवर सीएनसी शिल्ड व्ही ३ आहे. झेडचा स्विच लागतच नाही.

शिल्डवरची नावे ०.८ च्या काळातली आहेत. त्यानंतर झेडचा लिमिट आणि स्पिंडलचा सिग्नल यांची अदलाबदल झाली, कारण वेग बदलणारा पल्स ११ नंबरच्या पिनवर मिळतो, १२ वर मिळत नाही. म्हणून झेडचा स्विच शिल्डवरच्या 'स्पिंडल एनेबल' पिनला लावा, आणि स्पिंडलचा पल्स झेड लिमिटच्या पिनवरून घ्या. स्विच जुन्याच जागी ठेवू नका. तो दाबला गेला की चालू आउटपुट थेट ग्राउंडला जोडला जातो. तयार ३०१८ बोर्डांना हे लागू नाही.

१५. काम सुरू होताच टूल भलतीकडे पळते.

फाइलच्या सुरुवातीला जी २८ आहे का पाहा. जी २८ म्हणजे 'जपून ठेवलेल्या जागी जा', आणि ती जागाही अपडेटमध्ये पुसली जाऊन मशीनचे शून्य झाली आहे. होमिंग नसलेल्या मशीनवर ते शून्य म्हणजे चालू करताना टूल जिथे होते ती जागा. फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरच्या जीआरबीएल पोस्ट-प्रोसेसरमध्ये 'सेफ रिट्रॅक्ट' या पर्यायात जी २८ ऐवजी 'क्लिअरन्स हाइट' निवडा.

१६. कापताना वीज गेली आणि परत आली. सेंडर म्हणतो काम चालूच आहे!

पावसाळ्यात हा प्रश्न दर आठवड्याला येतो. बोर्डाची चिप लॅपटॉपच्या यूएसबीवर जिवंत राहते, मोटरचा २४ व्होल्टचा पुरवठा तेवढा जातो. जीआरबीएलला त्याचा पत्ता नसतो. तो पल्स देत राहतो, मोटर जागची हलत नाही, सेंडरमधले आकडे पुढे जात राहतात. वीज आली की मशीन चुकलेल्या जागेवरून पुढचे काम सुरू करते, तेही टूल लाकडात रुतलेले असताना.

वीज जाताच रीसेट करा, म्हणजे कंट्रोल-एक्स. नुसता होल्ड (तात्पुरता थांबा) पुरत नाही. झेडचा स्क्रू हाताने फिरवून टूल वर घ्या. वीज आल्यावर शून्य नव्याने बसवा, आणि जुने शून्य नेमके सापडावे म्हणून प्रत्येक कामाआधी बेडवर त्या जागी व्ही-टूलने ठिपका करून ठेवा. ३०१८ चा पुरवठा सुमारे १२० वॉटचा असतो, त्यामुळे संगणकाचा ६०० व्हीएचा साधा यूपीएस मशीन थांबवून घ्यायला पुरतो. फर्मवेअर अपलोडही लॅपटॉपच्या बॅटरीवरच करा.

१७. जुलैत अपडेट केले, तेव्हापासून स्टेप सुटतात. जुन्या आवृत्तीवर जाऊ का?

आधी $१२० ते $१२२ निम्मे करून पाहा. फरक पडला तर आकड्यांचा दोष, नाही पडला तर स्क्रू पाहा. समुद्राजवळच्या हवेत टी ८ स्क्रूवर गंजाचा पातळ थर चढतो. त्यावर ग्रीस लावली की एमडीएफचा भुसा मिसळून घट्ट लगदा होतो. स्क्रू रॉकेलने पुसून कोरडे पीटीएफई वंगण लावा. एमडीएफचा बेडही दमटपणाने फुगतो, म्हणून सकाळी बसवलेले झेड दुपारी चुकल्यासारखे वाटते. पावसाळ्यात बेडवरून ०.३ मिमीची एक फेरी मारून तो सपाट करून घ्या.

जुन्या आवृत्तीवर परत जाता येते, पण तेव्हाही सगळी सेटिंग पुसली जाते आणि प्रश्न ६ पासून पुन्हा सुरुवात.

१८. माझ्या बोर्डावर ईएसपी ३२ चिप आहे. हेच सगळे लागू आहे का?

अपलोडची पद्धत (प्रश्न ४ आणि ५) आणि पिनांची माहिती (प्रश्न १४) लागू नाही. ३२८पी ची हेक्स त्या चिपवर चालत नाही. विक्रेत्याचे फर्मवेअर किंवा फ्लुइडएनसी (ईएसपी ३२ साठीचे फर्मवेअर) वापरा. फ्लुइडएनसीमध्ये पिना आणि स्टेपचे आकडे एका कॉन्फिग फाइलमध्ये असतात, त्यामुळे प्रश्न ३ मधल्या यादीसोबत त्या फाइलचीही प्रत काढून ठेवा. लेझर मोड आणि एसचा मेळ यांमागचे तत्त्व, तसेच जी २८ आणि वीज जाण्याबद्दलची उत्तरे तिथेही कामाला येतात.